इराच्या ताटातून काय गेलं?

भूतबित, संकेतबिंकेत यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. पण माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीला चोर म्हटलं गेलं, म्हणून हे लिहितेय.

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. इराचं लक्ष टिकत नाही, अशी शाळेतून तक्रार आली आणि मी रोज दुपारी तिच्याशी एक खेळ सुरू केला. ताटात सहा वस्तू मांडायच्या, वर नॅपकिन टाकायचा, हळूच एक काढून घ्यायची... आणि विचारायचं, काय गेलं?

तिसऱ्या दिवशी मी चमचा काढला. इरा म्हणाली, "चमचा. और बाबांचं घड्याळ."

घड्याळ ताटात नव्हतंच! ते समीरच्या मनगटावर, ऑफिसात. संध्याकाळी तो घरी आला तो वैतागूनच. मेट्रोतून उतरताना पट्टा तुटून घड्याळ कुठेतरी पडलं होतं.

योगायोग. मीही तेच म्हटलं.

पुढच्या आठवड्यात इरा म्हणाली, "शैलाकाकूंचा चष्मा." शैलाकाकू आमच्या समोरच्या, साताऱ्याच्या. मी मूर्खासारखी हसत हसत त्यांना सांगायला गेले. चष्मा तेव्हा त्यांच्या नाकावर होता!

संध्याकाळी त्यांनी आमचं दार बडवलं. "चष्मा मिळत नाहीये. तुझ्या पोरीला आधीच कसं माहीत? तिनेच उचललाय!"

"काकू, ती दुपारपासून घराबाहेर पडलेली नाही."

"मग तू शिकवलं असशील."

इरा माझ्यामागे उभी राहून सगळं ऐकत होती. दोन दिवसांनी चष्मा सरोजिनी नगरच्या एका दुकानात सापडला. चष्मा हरवला त्या दिवशी काकू तिथे कुर्ते बघायला गेल्या होत्या. माफी? एक शब्द नाही. समीर म्हणे, "सोड ना यार." का सोडू?

पोरगी उगाच काहीतरी बोलते, हे एकदाचं सिद्ध करायचं म्हणून मी ताट मांडलं आणि एकही वस्तू काढली नाही. नॅपकिन उचलला. "काय गेलं?"

इराने सहाही वस्तूंवर एकेक करून बोट ठेवलं. मग म्हणाली, "शैलाकाकू."

मी ताट उचलून ओट्यावर ठेवून दिलं. इतका राग असूनही मी रोज सकाळी त्यांच्या दाराची कडी वाजतेय का, ते ऐकत बसायचे. एकदा तर पोहे घेऊन गेले, नुसतं बघायला. त्यांनी डबा घेतला आणि दार लावलं.

नवव्या दिवशी खाली ट्रक उभा. काकांची बदली झाली होती, शिलाँगला. ऑर्डर आदल्याच दिवशी आली, असं काका म्हणाले. काकू धडधाकट होत्या, स्वतः खोकी मोजत होत्या.

समीर म्हणतो, सरकारी नोकरीत बदल्या होतातच. बिल्कुल होतात. पण ऑर्डर यायच्या आठवडाभर आधी ती माझ्या लेकीला कोणी दाखवली? तो खेळ मी बंद केलाय.

आणि जिन्यात इराने "बाय काकू" म्हणून हात हलवला, तेव्हा त्या बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली. ते मात्र मी विसरणार नाही.