लातूरच्या गोदामातलं पहिलं पोतं

लोक सुट्टीत धबधबे बघायला जातात, मी गोदाम बघायला गेले. दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून मावसभाऊ सुधीरचा फोन आला. "ताई, पोती वाहणारं मशीन बसवलंय. बघायला ये." मी शाळेत गणित शिकवते आणि नसत्या चौकशा करायची खोड लहानपणापासूनची. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नांदेडच्या स्टँडवर हजर!

लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस साडेतीन-चार तासांत लातूरला पोचते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे स्वस्तात काम भागतं. सकाळी निघालात तर उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे ऊन येतं. मी अर्थातच डावीकडे बसले. अहमदपूरला सुशीला खाल्ली, म्हणजे फोडणीचे मऊ मुरमुरे. तिखट होती, तरी अजून एक प्लेट मागवली.

सुधीरचं गोदाम सोयाबीनचं. लॉरीपासून आतल्या थप्पीपर्यंत रबरी पट्टा फिरत होता. मधे एक लाल डोळा, पोतं पुढून गेलं की वरच्या काचेच्या केबिनमधल्या स्क्रीनवर आकडा वाढायचा. मी अर्धा तास तोंड उघडं टाकून बघत होते. मुकादम मारुतीमामा हसले. साठीचे, देवणीकडचे, तीस वर्षं याच गोदामात.

"कसा वाटला पट्टा, मामा?"

"लई चांगला. हमालाची पाठ चाळिशीतच मोडती, ती वाचंल. पर बारा जणांचं काम सहा जणांत व्हायलंय, त्याचं काय ते मालक अजून बोलंना."

मी सुधीरला विचारलं, तर तो म्हणाला, "बघू." त्याचं "बघू" मला लहानपणापासून आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर केबिनमध्ये सुधीर लालबुंद. पावतीवर तीनशे पोती, स्क्रीनवर दोनशे नव्व्याण्णव. कालच्या चारही गाड्यांना असंच, दर गाडीला एक कमी. मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर डोळा तीनदा तपासून मोकळा झाला होता. डोळा ठीक, म्हणजे माणसं चोर, असं सुधीरचं गणित. त्याने मामांना वर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, पोती जातात कुठे.

मामा शांतपणे म्हणाले, "थप्पी मोजा, मालक."

"मोजायला माणसं लावायची तर मशीन कशाला आणलं?"

मामांनी खांद्यावरचा पंचा काढून झटकला. "मग ऱ्हाऊ द्या. ही गाडी उतरिवतो आन् गावाकडं जातो. चोर म्हणवून घ्यायला न्हाई थांबत मी."

मला फार वाईट वाटलं. सुधीर स्क्रीनवरच्या आकड्याकडेच बघत राहिला. मी मामांच्या मागोमाग जिना उतरले, निदान गाडी उतरवताना तरी नीट बघावं म्हणून.

लॉरीचं फळकूट उघडलं. पट्टा अजून बंद होता. मामांनी पहिलं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं, आत नेऊन थप्पीच्या पायाशी ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!" मग कुणीतरी बटण दाबलं आणि दुसरं पोतं पट्ट्यावर पडलं. "दोन!"

आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझी आईही म्हणायची. आणि इथे लाभाचं पोतं यंत्रावर टाकायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ते माणसाच्याच पाठीवरून आत जायचं, डोळ्यासमोरून जायचंच नाही.

मी धापा टाकत वर गेले आणि सुधीरला सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. "माहीत होतं गं मला. बाबा रोज करायचे. लक्षातच आलं नाही."

इंजिनिअरने दोन मिनिटांत मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू करून दिली. यंत्र सुधारलं. गाडी उतरवून झाली, मामा पंचा बांधून फाटकाशी उभे होते. सुधीर त्यांच्यापाशी गेला, "चुकलं माझं" म्हणाला, तेही सगळ्यांसमोर. मामांनी आत येणाऱ्या दुसऱ्या लॉरीकडे बोट केलं.

"हिचा लाभ तुमी उचला, मालक."

सुधीरने आयुष्यात लॅपटॉपपेक्षा जड काही उचललेलं नाही. दोघांनी पोतं पाठीवर दिलं, तो वाकडातिकडा होत आत गेला, पायाशी टेकवलं आणि फुटक्या आवाजात "लाभ" म्हणाला. कुणीही हसलं नाही. मामा म्हणाले, "दोन," आणि पट्टा सुरू झाला. नंतर सगळ्यांनी मिळून निलंगा राईस खाल्ला. लातूरला गेलात तर चुकवू नका.

नांदेडला परतून आठ दिवस झाले. काल मी फोन केला आणि विचारलं, मामा येतात ना?

"येतात. म्हणाले, लाभ उचलाल तोवर येईन. रोज एका गाडीचा मी उचलतो."

"आणि त्या सहा जणांचं?"

तो आधी कण्हला. मग म्हणाला, "पाठ इतकी दुखतेय ताई, की आता 'बघू' म्हणवत नाही."