झाकलेलं ताट

बोईसरजवळच्या सरावलीत रखमाबाईंना नावानं ओळखणारे थोडे. ‘मेसवाल्या मावशी’ म्हटलं की मात्र कुणीही घर दाखवील. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा मेस बंद झाली, त्याला सात वर्षं झाली, पण नाव काही सुटलं नाही. आता त्याच घरातून त्यांची सून प्रियदर्शिनी स्वतःच्या नावानं केटरिंग चालवते. तिची सगळी बुकिंगं सॉफ्टवेअरवर. गिऱ्हाईक चौकशी पाठवतं, ही टॅबवर प्रस्ताव बनवून धाडते आणि त्यानं तो उघडला की ‘पाहिलं’ असं उमटतं. रखमाबाईंना त्या यंत्रातलं एवढंच पटलं होतं. “बघून गप बसला म्हंजे बायकूला विचारतोय,” असा निकाल त्या जागच्या जागी देत.

जानेवारीतल्या एका सकाळी प्रियदर्शिनीनं नवी चौकशी वाचून दाखवली. केळव्याला नारळाच्या वाडीत दुपारचं जेवण, बावीस माणसं. बोईसरच्या कारखान्यात एकत्र काम केलेले सोबती कित्येक वर्षांनी भेटणार होते. चौकशी करणारा मनीष इंगवले, मुक्काम पुणे. आणखी दोन केटररांकडूनही प्रस्ताव मागवलेत, असं त्यानं स्वच्छ लिहिलं होतं.

रखमाबाईंच्या हातातली मेथी हातातच राहिली. “मन्या इंगवले! अगं, नऊ वरसं माझ्या हातचं जेवला तो.”

नवरा मारुती माणदेशातून इथं कारखान्यात लागला, त्याच्यामागोमाग त्या आल्या. शेजारच्या खोलीत चार पोरं राहायची आणि रोज भात करपवायची. तो वास सहन होईना म्हणून रखमाबाईंनी एक दिवस डाळ-भाकरी नेऊन दिली, आणि तिथून मेस सुरू झाली. चाराची तीस पोरं झाली. सातारची, बीडची, दोघं-चौघं बिहारची, ती ‘मौसी’ म्हणायची. दाराशी पाटी होती, जेवणाऱ्यानं तिच्यावर नाव लिहायचं. नावं मोजून झाली की रखमाबाई खाली स्वतः एक ओळ लिहीत: झाकलेलं ताट, एक. पाळी संपताना बदली माणूस आला नाही, तर कुणीतरी कारखान्यात अडकायचाच, त्याच्यासाठी हे ताट. बहुतेक वेळा तो दामू असे. कामावर अडकला नाही तर गप्पांत अडके. पण दामू उपाशी झोपला असं एकदाही झालं नाही. ते दिवस कष्टाचे होते, आणि रखमाबाईंच्या लेखी आयुष्यातले सगळ्यात चांगले.

“फोन करून सांगू का, आई? लगेच काम देतील,” प्रियदर्शिनी म्हणाली.

“खबरदार! ओळख सांगून काम मागायचं म्हंजे जेवू घातल्याचे उपकार वसूल करणं. त्याला न्हाई आवडलं तर नको देऊ दे.” तोंडानं असं म्हणाल्या खऱ्या, पण त्या पोरांना आणखी एकदा जेवू घालायचं, एवढी एकच इच्छा त्या घडीला त्यांच्या मनात होती. गुडघे काय म्हणतात ते नंतर बघता आलं असतं.

प्रस्ताव मीच करणार, असा त्यांनी हट्ट धरला. तयार पॅकेजातलं पनीर काढलं, मंचुरियन काढलं, ‘वेलकम ड्रिंक’च्या जागी ताक घातलं. एका बोटानं अक्षरं शोधत भरलं वांगं, बाजरीची भाकरी, खर्डा, आमटी असं लिहीत गेल्या. बाईंना ओळख लपवायची होती आणि ताट तेच मांडत होत्या! मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलाच प्रकार. दुपारी त्यांनी ‘पाठवा’ दाबलं.

संध्याकाळी प्रियदर्शिनी टॅब घेऊन धावत आली. “आई, ‘पंगत २२’ बरोबर आहे. पण खाली हे काय? ‘झाकलेलं ताट १’?”

“मग? लिवायला नगं?”

“अहो, सॉफ्टवेअरमध्ये? गिऱ्हाईक विचारेल, हे कुणाचं ताट!”

रखमाबाई चपापल्या. बोट सवयीनं चाललं होतं. प्रस्ताव मागे घ्यावा म्हटलं, तर शेजारी ‘पाहिलं’ उमटलेलं. तो आवडता शब्द त्यांना पहिल्यांदाच नकोसा झाला.

दोन दिवस काही उत्तर नाही. बायकोला विचारत असेल, असंही रखमाबाई म्हणाल्या नाहीत. त्यांचं भाजीतलं मीठ दोनदा चुकलं, आणि त्या घरात हे अघटितच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ‘बदल सुचवले आहेत’ असं आलं. प्रियदर्शिनीनं प्रस्ताव उघडला. पदार्थ सगळे जसेच्या तसे होते. ‘झाकलेलं ताट’ या ओळीवर मात्र लाल रेघ मारलेली. रखमाबाईंनी मान फिरवली. “बरोबर हाय त्याचं. कशाला हवं असलं लोढणं.”

“थांबा हो, वरचा आकडा बघा. बावीसचे तेवीस केलेत.” खालची टीप तिनं मोठ्यानं वाचली: “मावशी, ही ओळ वाचली आणि तुम्हीच आहात हे कळलं. बाकीच्यांना आता प्रस्ताव पाठवू नका म्हणून कळवलंय. इतकी वर्षं तुम्ही आम्हाला वाढलंत, पण आमच्यात बसून एकदाही जेवला नाहीत. तेविसावं ताट तुमचं. वाढायला दुसरी माणसं आणा. आणि दामूपण येतोय, या खेपेला वेळेवर.”

रखमाबाईंना रडू आवरेना. त्यांनी पदरानं डोळे पुसले. “बसून जेवायचं? मला? मग त्यास्नी आणखी काय हवं, त्ये कोण बघणार?”

“मी आहे ना.” प्रियदर्शिनीनं टॅब त्यांच्या पुढ्यात धरला. “बदल मान्य करायचे तर इथं दाबा.”

रखमाबाईंनी बोट पुढं नेलं आणि मधेच थांबवलं. ‘पंगत २३’च्या खाली त्या पुन्हा एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या: झाकलेलं ताट १.

“आई! आत्ताच तर त्यांनी काढलं.”

“दामू वेळेवर येनार म्हनं,” रखमाबाई नाक ओढत म्हणाल्या, आणि मग त्यांनी बटण दाबलं.