हीटर कोण बंद करतं?

आमच्या ब्लॅकटाउन उपनगरातून ब्लू माउंटन्सच्या डोंगरातल्या त्या एज्ड केअर होमला, म्हणजे वृद्धाश्रमाला, पोचायला मला तासभर लागायचा. लॉकडाउनच्या त्या हिवाळ्यात हायवे इतका रिकामा असायचा, की मागे एखादी गाडी दिसली तरी मी आरशातून तिच्यावर नजर ठेवायचो. खिशात परमिट आणि फोनमध्ये टेस्ट निगेटिव्ह आल्याचा मेसेज असायचा. आमच्या भागात आजार जास्त पसरला होता, त्यामुळे तिथून बाहेर पडणाऱ्याला कारण दाखवावं लागे. माझं कारण होतं जनरेटर.

पुण्यात डिप्लोमा करून मी इथे शिकायला आलो, मग इलेक्ट्रिशियनचं लायसन्स काढलं आणि जनरेटरची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागलो. त्या होममध्ये साठेक म्हातारी माणसं राहायची. त्यांतले काही जण ऑक्सिजनच्या मशीनवर होते. वीज गेली तर मागच्या शेडमधला डिझेल जनरेटर काही सेकंदांत सुरू व्हायला हवा. पण डोंगरात हिवाळ्यात गवतावर बर्फाचा थर बसतो आणि गारठलेलं इंजिन लवकर पकडत नाही. म्हणून इंजिनमधलं पाणी सतत कोमट ठेवणारा एक हीटर असतो. भिंतीवरच्या पॉवर पॉइंटला, म्हणजे सॉकेटला, प्लग लावायचा आणि विसरून जायचं, एवढंच त्याचं काम.

त्याचा जुना प्लग पिनांजवळ करपला होता. म्हणून थंडी सुरू व्हायच्या आधी मी तिथे नवीन प्रकारचा प्लग लावला. त्याच्या आत पिनांना लागूनच एक छोटा तापमानाचा सेन्सर होता. पिना जास्त तापल्या की तो हीटरची वीज तोडायचा आणि प्लगवरचा हिरवा दिवा लाल व्हायचा. पिना थंड झाल्या की वीज आपोआप परत चालू. भिंतीवरचा जुना पॉवर पॉइंटही मीच बदलला. त्या दिवशी नर्सने मला दारातूनच सांगितलं होतं, की बाहेरच्या माणसाने आवारात जितका कमी वेळ थांबता येईल तितका कमी थांबावा. मी घाईघाईने काम उरकलं.

शेडची किल्ली तिथल्या केअरटेकरकडे असायची. साठी ओलांडलेला, उंच, वाकलेला माणूस. बाग, गटारं, कचऱ्याचे डबे, सगळं तोच बघायचा आणि त्याची अवजारं याच शेडमध्ये असायची. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं,

"तू कुठून येतोस?"

"ब्लॅकटाउन."

तो दोन पावलं मागे सरकला. "टीव्हीवर रोज नाव असतं तुमचं," तो म्हणाला.

मी काम संपवून गाडीत बसलो तेव्हा तो दाराची कडी कपड्याने पुसत होता. मी हात लावलेला स्विच त्याने पुसला, पाण्याचा नळ पुसला. त्याची ड्यूटीच होती ती, हे आज कळतं. तेव्हा ते मनात रुतून बसलं.

जुलैमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, मी जनरेटरच्या कंट्रोलरमधली वीज गेल्या-आल्याची नोंद काढली आणि थबकलो. हीटरची वीज जवळजवळ रोज सकाळी सातच्या सुमाराला जात होती आणि तास-दीड तासाने परत येत होती. शनिवार-रविवार मात्र एकदाही नाही. केअरटेकर सोमवार ते शुक्रवार यायचा. साडेसहाला.

मी शेडमध्ये नीट बघितलं. प्लगचा दिवा हिरवा, हीटर चालू, इंजिन कोमट. पॉवर पॉइंट एकच. आणि त्याच्याखालच्या फळीवर एक इलेक्ट्रिक केटल, चहाचा डबा, एक मग. स्टाफरूममध्ये एका वेळी दोनच जणांना बसायची परवानगी होती, म्हणून हा इथे चहा पितो, हे उघड होतं. हीटरचा प्लग काढायचा, केटल लावायची आणि परत लावायला विसरायचं. माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं.

बाहेर तो पाइप गुंडाळत होता. मी लांबूनच विचारलं, "हीटरचा प्लग तू काढतोस का?"

"नाही."

"चहासाठी?"

"केटल मी लाँड्रीत लावतो. तिथे पॉइंट आहे. मग इथे आणून पितो." तो माझ्याकडे न बघताच म्हणाला. "तुझ्या वस्तूंना मी हात लावत नाही, मेट."

'तुझ्या वस्तूंना' हे शब्द मला टोचले. मास्कवरून फक्त डोळे दिसतात आणि नुसत्या डोळ्यांवरून माणूस खरं बोलतोय की खोटं, ते मला त्या काळात कधीच कळलं नाही. मी 'नो वरीज' म्हणालो आणि निघालो. पण त्याचं उत्तर मी एक क्षणही खरं मानलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती घरूनच एका आयटी कंपनीचं काम करायची, डायनिंग टेबलवर दोन स्क्रीन लावून.

"त्याला प्लग काढताना तू बघितलंस का?" तिने विचारलं.

"बघायला कशाला हवं? वेळा जुळतायत."

"वेळा कशाशीही जुळतात रे. आपल्या समोरच्या बाईला वाटतं, तू रोज उगाच फिरायला बाहेर जातोस. मला परवा विचारत होती, हा नक्की जातो कुठे."

"मी परमिट घेऊन जातो."

"तिला कुठे माहितीये ते?"

ते दिवसच तसे होते. वेंटवर्थव्हिलच्या दुकानात मला ठसका लागला तर पुढची बाई भाजीची पिशवी तिथेच ठेवून निघून गेली. आम्हीही तेच करत होतो. शेजारच्या घरी तीन गाड्या दिसल्या की मी पडदा सरकवून मोजायचो. अशात एका माणसाबद्दल संशय धरायला फार पुरावा लागत नव्हता, आणि माझ्याकडे तर छापील नोंद होती.

मी आणखी दोन आठवडे नोंदी काढल्या. तोच प्रकार. मग रिपोर्ट लिहिला. 'साइटवरील व्यक्तीकडून हीटरचा प्लग वारंवार काढला जात असल्याची दाट शक्यता. त्यामुळे आणीबाणीत जनरेटर सुरू होण्यास उशीर होऊ शकतो.' नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, शेडची किल्ली एकाकडेच होती. वाक्य चांगलं जमलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन आला. "तुम्हाला खात्री आहे?" त्यांनी विचारलं. "तो अकरा वर्षं आहे इथे."

"नोंदी स्पष्ट आहेत," मी म्हणालो.

त्यांच्याकडे साठ माणसांची जबाबदारी होती आणि बाहेर महामारी चालू होती. त्यांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

पुढचे तीन दिवस शेड बंदच होती. चौथ्या दिवशी मी नोंद बघितली. हीटर एकदाही बंद पडला नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी बायकोला तिथूनच मेसेज केला, 'बघ.'

मग एजन्सीकडून बदली माणूस आला. तो चहा पीत नव्हता, कोक प्यायचा. पुढच्या आठवड्यात मी गेलो तर नोंदीत तेच. सोमवार, मंगळवार, बुधवार, सातच्या सुमाराला वीज गेलेली.

मी तिथेच एका बादलीवर बसलो. या नव्या माणसाचाही संशय घ्यावा, असं एक मिनिट वाटलं, हेही कबूल करतो. पण दोन अनोळखी माणसं रोज त्याच वेळी तोच प्लग कशाला काढतील?

गुरुवारी मी अंधारातच निघालो आणि सव्वासहाला पोचलो. नवा माणूस साडेसहाला आला, रोलर डोअर पूर्ण वर केलं, ढकलगाडी आणि पानं उडवायचं मशीन बाहेर काढलं आणि दार तसंच उघडं ठेवून कामाला गेला. डोंगरातली हवा थेट इंजिनावर यायला लागली. माझी बोटं बधिर झाली. पाणी पुरेसं कोमट झालं की अधूनमधून थांबणारा हीटर आता सलग चालू राहिला. मी प्लगकडे बघत उभा होतो. सातला पाच कमी असताना दिवा लाल झाला. कोणीही हात लावला नव्हता.

मी प्लगला हाताची मागची बाजू लावली आणि पटकन काढून घेतली.

मेन स्विच बंद केला, भिंतीवरचा पॉवर पॉइंट उघडला. मागे एका तारेचा स्क्रू सैल होता. पूर्ण सुटलेला नव्हता, पण चांगला दीड फेरा फिरेल इतका सैल. तारेवरचं प्लास्टिक तपकिरी होऊन आक्रसलं होतं आणि करपल्याचा वास येत होता. हीटर सलग चालला की तो सांधा तापायचा, ती उष्णता पिनांमधून प्लगमध्ये यायची आणि सेन्सर वीज तोडायचा. वीकेंडला दार उघडत नसे, त्यामुळे हीटर थांबत थांबत चालायचा आणि सांध्याला थंड व्हायला वेळ मिळायचा. केअरटेकरने केलं होतं ते एवढंच, की रोज सकाळी कामासाठी शेडचं दार उघडलं होतं.

तो पॉवर पॉइंट मी बसवला होता. स्क्रू मी आवळला होता, म्हणजे नीट आवळला नव्हता. सेन्सर नसता तर डिझेलच्या टाकीपासून दोन मीटरवर ती तार कधीतरी पेटली असती. महिनाभर तो प्लग जे सांगत होता, ते मी माणसावर ढकललं होतं.

शेडमधून बाहेर आलो तेव्हा लाँड्रीतली बाई चादरींची ट्रॉली ढकलत होती. मी तिला विचारलं, केअरटेकर केटल कुठे लावायचा.

"इथेच, आमच्याकडे," ती म्हणाली. "रोज. मलाही एक कप द्यायचा. तो परत कधी येणार?"

मी नवीन पॉवर पॉइंट बसवला, प्रत्येक स्क्रू दोनदा तपासला, फोटो काढले आणि मॅनेजरबाईंच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. चूक माझी, असं सरळ म्हणालो. त्यांनी फोटो एकेक करून बघितले. मग म्हणाल्या, "हे मला लिहून द्या. आणि त्यालाही तुम्हीच सांगा."

माझ्या साहेबांनी 'तांत्रिक बिघाड' एवढंच लिहायला सुचवलं. मी 'माझ्या जोडणीतील दोष' असं लिहिलं. फार मोठं धाडस होतं असं नाही. नुसतं 'बिघाड' लिहिलं असतं तर त्या माणसाच्या नावावरचा डाग पुसला गेला नसता.

त्याचं घर होमपासून जवळच होतं. मी फाटकाबाहेर उभा राहून हाक मारली. तो जाळीच्या दारामागे आला, दार उघडलं नाही. मी सांगितलं, स्क्रू सैल होता, तो माझ्या हातचा, तू काहीच केलं नव्हतंस, मला माफ कर.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू मला विचारलं होतंस."

"हो."

"मी उत्तर दिलं होतं."

"हो."

"विश्वास ठेवायचा नव्हता, तर विचारलंस कशाला?"

मी ब्लॅकटाउनचा म्हणून त्याने कड्या पुसल्या, त्याचा राग माझ्या मनात होता, हे सांगून मला सुटका करून घ्यायची नव्हती. मी पुन्हा एकदा सॉरी म्हणालो. त्याने मान हलवली, ती होकारार्थी होती की नुसतीच, कळलं नाही, आणि तो आत गेला.

पुढच्या सोमवारी तो कामावर परत आला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तो शेडच्या दारात येऊन उभा राहायचा. पहिल्या वेळी त्याने प्लग कसा काम करतो ते विचारलं. मी समजावलं, दिवा दाखवला, आतला सेन्सर कुठे असतो ते सांगितलं. त्याने सगळं नीट समजून घेतलं.

"स्क्रू आवळलास?" काम संपल्यावर त्याने विचारलं.

"आवळला."

"दाखव."

मी मेन बंद करून झाकण परत उघडलं, स्क्रूवर पेचकस ठेवला आणि फिरत नाही, हे त्याला दाखवलं. त्या होमचं काम माझ्याकडे होतं तोवर दर वेळी असंच चाललं. त्याला मी कधीच 'विश्वास ठेव' म्हणालो नाही.