कानिफनाथाचं नाव गाळलेले अभंग

पुणतांब्याच्या रंगुबाईनं स्वतःच्या नवऱ्याला दारुडा ठरवलं, ते लेकीचं लग्न व्हावं म्हणून.

तिचा नवरा कानिफनाथ अभंग रचायचा. गळ्यात तुळशीची माळ, आणि जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नाही. पण त्याला फेफरं यायचं. रानात एकटाच पडायचा, शुद्धीवर आला की झोकांड्या खात, जड जिभेनं काहीबाही बोलत घर गाठायचा. लोकांनी विचारलं की रंगुबाई म्हणायची, "पिऊन आल्यात, दुसरं काय!" पिणाऱ्याच्या पोरीला स्थळं येतात. फेफरंवाल्याच्या दारात कुणी उभं राहत नाही, रक्तातच रोग आहे म्हणतात. कानिफनाथानं हे मुकाट्यानं गिळलं. माळ मात्र उतरवली नाही, आणि गाव त्यावरून आणखी हसायचं. शेवटी लेकीला, छबूला, अकोल्याकडं दिली. पुढच्याच वर्षी, एकाहत्तरात, कानिफनाथ गोदावरीवर अंघोळीला गेला आणि गुडघाभर पाण्यात बुडून मेला.

मग आबासाहेब नावाचे एक प्राध्यापक त्याचं चरित्र लिहायला आले. रंगुबाईच्या हातचा चहा प्याले आणि विचारलं, "दारू प्यायचे का हो?" छबूचं सासर डोळ्यांपुढं आणून ती "व्हय" म्हणाली. बाकीचं त्यांनी पदरचं घातलं. बाटली उशाशी घेऊन अभंग लिहायचा, माळ म्हणजे निव्वळ ढोंग, मेला तोही नशेत. असल्या शहाण्यांचा मला संताप येतो. मेलेला माणूस उठून भांडत नाही, एवढ्यावर यांची विद्वत्ता चालते.

तोंडी होतं तोवर गाव हसत होतं. छापून आल्यावर गावाला लाज वाटायला लागली. त्या वर्षीच्या सप्ताहात भजनी मंडळानं त्याचे अभंग सोडले नाहीत, लोकांना ते आवडत होते. फक्त शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव येतं, तिथलं "कानिफा म्हणे" काढून "दास म्हणे" घातलं.

रंगुबाई भर मंडपात उठली. "नाव घ्या त्यांचं! थेंब न्हाई घेतला त्यांनी कधी!"

"मग पडायचा कशानं?" विणेकरी आसारामानं विचारलं.

टाळ थांबले. बायकांत छबू बसली होती, मांडीवर तान्ही पोर, शेजारी सासू. सासू मान उंचावून ऐकायला लागली.

"आये, बस की खाली," छबू रडकुंडीला येऊन म्हणाली. "दारुड्याची पोर म्हनून रोज ऐकती मी सासरी. आता आनिक काय ऐकायला लावतीस?"

रंगुबाईनं नातीकडं पाहिलं.

"प्यायचे," ती म्हणाली. "लई प्यायचे."

आसारामानं पुढचा अभंग धरला, तोही कानिफनाथाचाच. शेवटचा चरण आला तेव्हा सासू अजून रंगुबाईकडंच बघत होती. मग रंगुबाईनंही सगळ्यांबरोबर मोठ्यानं "दास म्हणे" म्हटलं.