इंजिनाखालचे रबर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मला माहेरी न्यायला नाना, म्हणजे माझे वडील, जळगावहून धुळ्याला यायचे ते स्वतःच्या स्पोर्ट्स कारने. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये ते फिटर होते. मालकांच्या मुलाची हौस फिटल्यावर ती दोनच माणसांची जुनी विलायती गाडी शेडमध्ये धूळ खात पडली होती. नानांनी ती मागून घेतली आणि पोटच्या पोरीसारखी सांभाळली. पोटची पोर मी, त्यामुळे मला तिचा रागही यायचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी नाना आले, सासूबाईंनी चहा पुढे केला, आणि नानांच्या हातातला कप बशीवर खडखडला.

"इंजिनना रबर गयात," नाना हसून म्हणाले. "जळगावपासून गाडी हादरस. हात अजून थरथरी राह्यनात."

सगळेच हसले. चहा मात्र त्यांनी तसाच ठेवला. चहाशिवाय ज्याचं पान हलत नाही, असा माणूस!

गाडी खरंच हादरत होती. पारोळ्यापर्यंत माझे दात वाजत होते आणि आरशात मागचा रस्ताही धड दिसत नव्हता. इंजिन ज्यांच्यावर टेकतं ते रबरी ठोकळे तेल पिऊन भाकरीच्या चुऱ्यासारखे झाले होते. मी हट्टच धरला, मला परत सोडायच्या आधी ते बदलायचे.

नानांनी दोन दिवस टाळलं. मग मिलमधला यंत्राचा जुना पट्टा आणला, त्याचे तुकडे कापले आणि एकावर एक रचून इंजिनाखाली बसवले. त्या पट्ट्यात कापडाचे थर असतात, तो दगडासारखा कडक. गाडी पहिल्यापेक्षा जास्त हादरायला लागली आणि नाना चक्क खुशीत.

"ऱ्हाऊ दे. जुनी गाडी शे, हादरीच."

माझं डोकंच फिरलं. पट्टे बदलण्यात जन्म गेला आणि कडक-मऊ कळू नये? मी ते जुने ठोकळे पिशवीत घातले आणि टायर रिमोल्ड करणाऱ्या, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्या एका चाचांकडे गेले. त्यांनी तसेच नवे, मऊ रबराचे साच्यात घालून बनवून दिले. ते बसवताना नानांच्या बोटांत नट काही ठरेना. "घाम शे," म्हणाले. शेवटी तो मीच फिरवला.

धुळ्याला निघालो तर गाडी कशी लोण्यासारखी! आरसा जागच्या जागी. आता कौतुक करून घ्यावं म्हणून मी नानांकडे वळले, आणि नजर स्टिअरिंगवर गेली.

गाडी हलत नव्हती. नानांचे हात हलत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून." त्यांनी गाडी हळू केली. "आते कोनवर ढकलू, माय? तू ते इंजिनबी गप करी दिधं. सगळासले समजनं ते मना हातमा गाडी देतीन का? मंग पुढली आखाजीले तुले लेवाले कोन यी?"

मला भाऊ नाही. आखाजीला न्यायला कोणी येणार, ते हेच. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. दोन्ही मी बाहेर शेताकडे बघत गिळलं. पारोळ्याला गाडी थांबवून ते पाणी प्यायले, तेव्हा ग्लासही त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

धुळ्याला सासूबाईंनी चहा आणला. नानांचा कप खडखडला.

"अहो भाऊ, रबर बदलणार होतात ना?" त्या नानांना म्हणाल्या.

नानांनी कपबशी खाली ठेवली.

"बदलले की, पण नवेही कडकच निघाले," मी म्हणाले. "काय सांगू आई, माझेही हात अजून थरथरताहेत." आणि माझाही कप मी बशीवर खडखडू दिला.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग कप दोन्ही हातांनी धरून सगळा चहा प्यायले.