हेस्टर बॅगशॉचा डावा हात

हेस्टर बॅगशॉच्या डाव्या तळहातावर एक आडवा व्रण होता आणि एलरडेल गाव त्या व्रणाला दस्तऐवज मानत असे.

तो पडला तेव्हा ती सात वर्षांची होती. दर मे महिन्यात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी, गावकरी हातात काठ्या घेऊन शिवेवरून चालत आणि प्रत्येक शीवदगड काठीने बडवत. दगड कुठे आहेत ते पुढच्या पिढीच्या लक्षात राहावं म्हणून दर दगडापाशी एका पोराला पाय धरून उलटं लटकवायचं आणि त्याचं डोकं दगडावर हळूच टेकवायचं, अशी रीत होती. येवच्या झाडाजवळच्या दगडावर हेस्टरची पाळी आली. घाबरून तिने डाव्या हाताने एक फांदी धरली. फांदी मोडली, तळहात फाटला. समोरचा काळा कडा आभाळातून खाली लोंबताना तिने पाहिला, आणि ते दृश्य पुढे कधी पुसलं गेलं नाही.

ती सव्वीस वर्षांची असताना ओढ्याला पूर आला आणि तो दगड वाहून गेला. शीव सरळ काळ्या कड्याकडे जाते. कड्याकडे तोंड केलं की डावीकडे एलरडेल, उजवीकडे शेजारचं गाव स्कारबी. येवच्या बुंध्याशी एक झरा आहे. दगड झाडाच्या कोणत्या बाजूला होता यावर झरा कोणाचा ते ठरणार होतं. दोन्ही गावं जमली. हेस्टर पुढे झाली, तळहात उघडून म्हणाली, "कडा माझ्यासमोर होता आणि झाड डाव्या हाताला."

झाड डावीकडे, म्हणजे झरा एलरडेलचा. तिने सांगितलं तिथे लाकडी खांब रोवला गेला. स्कारबीवाल्यांनी खांब मानला, पण मनापासून नाही. क्रिकेटच्या सामन्यात त्यांचा गडी बाद झाला की एलरडेलचं कोणी हमखास ओरडे, "जा, पाणी पी. आमचं."

हेस्टरने तीस वर्षं सायकलवरून दोन्ही गावांचं टपाल वाटलं. लग्न केलं नाही. तिला विचारलं तर ती म्हणायची, माझा मे महिना झऱ्याला दिलाय. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातल्या पुष्कळ गावांसारखी एलरडेलमध्येही सणाला झरा सजवतात: मोठ्या फळीवर ओली माती थापायची आणि तिच्यात एकेक पाकळी दाबून चित्र उभं करायचं. पाकळ्या खालून वर, कौलांसारख्या चढवायच्या, म्हणजे पाऊस ओघळून जातो. बाह्यरेषांना आल्डर झाडाची काळी बोंडं, गवताला अजमोदा, दगडाला दगडफूल. गेली चाळीस वर्षं त्या चित्रांमधलं आभाळ हेस्टर भरत होती.

१९६२च्या त्या वसंतात चित्र नोहाच्या तारवाचं होतं. कोठारात फळी आडवी मांडली होती. चित्राच्या पायथ्याशी तिची मैत्रीण डॉर्कस रॅग बसली होती आणि माथ्याशी हेस्टर. तिच्यासमोर तारू डोक्यावर उभं होतं.

"कबुतर डावीकडे घे," डॉर्कस म्हणाली.

हेस्टरने पांढरी पाकळी दाबली.

"अगं, तिथे कावळा आहे. माझ्या डावीकडे. तू उलटी बसलीयेस, तुझी डावी ती चित्राची उजवी. चाळीस वर्षं झाली, अजून कळत नाही?"

हेस्टरचं बोट मातीवरच राहिलं. तिने हात उचलला आणि तळहात पाहिला. मग कोट घेतला आणि बाहेर पडली.

खांबापाशी येऊन तिने कड्याकडे पाठ केली, पाय फाकवले आणि खाली वाकून त्यांच्यामधून मागे पाहिलं. अडुसष्ट वर्षांच्या कमरेने कुरकुर केली. पण कडा लोंबला, सातव्या वर्षी उलटं लटकताना दिसला होता अगदी तसा. तिने डावा हात पसरला. तो स्कारबीच्या मोकळ्या कुरणाकडे गेला. झाड उजव्या हाताला होतं.

"काही हरवलंय का?"

स्कारबीचा जेबेझ हॅलम कुंपणाचे ढासळलेले दगड रचत होता. किती वेळ बघत होता कोण जाणे.

"गप्प बस, जेबेझ. काम चाललंय."

"दिसतंय ना. उठवत नसेल तर सांग, आमच्या बाजूने ढकलतो."

ती कष्टाने सरळ झाली, झाडाला वळसा घालून पलीकडे, एलरडेलच्या बाजूला गेली आणि पुन्हा वाकली. कडा समोर लोंबत होता. डावा हात येवच्या सालीवर पडला.

दगड इथे होता. म्हणजे झाड शिवेपलीकडे, स्कारबीत, आणि झराही पलीकडे.

पहिल्यांदा तिला आनंद झाला, कोडं सुटल्याचा, साधा, पोरकट. मग कोठारातली फळी आठवली.

तिने डॉर्कसला सगळं सांगितलं. डॉर्कसने शेवटची बोंडं बसवली आणि मग म्हणाली, "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"मग तुझ्यापाशीच ठेव. झरा गेला तर तू मे महिन्यात काय करणार आहेस, बाई? मोजे विणशील?"



दोन दिवसांनी शिवेची फेरी निघाली. नेहमीप्रमाणे स्कारबीची माणसं कुंपणावर बसून मजा बघत होती. गावकऱ्यांनी खांबाला काठ्या मारल्या. "इथे नाही," हेस्टर म्हणाली, आणि खांब कुठे हवा ते सांगितलं. का, तेही सांगितलं.

"बाई थकल्यात," मागून कोणीतरी हलकेच म्हणालं. "उन्हात कशाला आणलंत त्यांना?"

"थकलेली नाही," जेबेझ कुंपणावरून म्हणाला. "दोनदा वाकली. मी मोजलंय."

कोणी हसलं नाही. एलरडेलची माणसं फेरी अर्धवट टाकून परतली. फळी त्यांनी चर्चच्या भिंतीशी उभी केली. झरा आता स्कारबीचा होता; सणाच्या दिवशी तो उघडाच राहिला, कारण स्कारबीत आजवर कोणी पाकळी लावली नव्हती. टपाल घेऊन ती तीस वर्षं ज्यांच्या दारी गेली, त्यांच्यातले निम्मे रस्त्यात दुसरीकडे बघू लागले. डॉर्कस बोलायची, पण कामापुरतंच.

जूनमध्ये जेबेझ तिच्या दारात आला. टोपी हातात होती.

"आमच्या पोरींना पुढच्या वर्षी झरा सजवायचाय. करून बघायला माती थापली, तर दुपारपर्यंत तडे गेले."

"मीठ घातलं होतं?"

"मातीत मीठ?"

हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे डॉर्कसच्या खिडकीकडे. पडदा हलला.

"तुडवली किती वेळ?"

"फावड्याने चांगली मिसळली."

"फावड्याने," हेस्टर म्हणाली. ती दारातल्या पायरीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. "कुठेय ती माती? आणि तूही बूट काढ. एकट्या बाईकडून होत नाही ते."