तपासनिसाचे गुडघे

मांडी घालून बसलो असता माझा उजवा गुडघा जमिनीपासून अकरा इंच आणि डावा तेरा इंच वर राहतो. मोजमाप मी स्वतः घेतले आहे; त्यामुळे त्यावर वाद नको.

वालचंदनगरला मी सदतीस वर्षे यंत्रांच्या सुट्या भागांची तपासणी केली. भाग आराखड्याप्रमाणे असला तर पास. केसभर फरक असला तर बाद. बाद मालावर मी लाल खडूने फुली मारत असे. कामगार माझ्यामागे मला 'लाल खडू' म्हणत. (समोर काहीच म्हणत नसत. मला तेवढे पुरेसे होते.) निवृत्तीनंतर अंथुर्ण्याला स्वतःच्या घरी येऊन राहिलो. मुलगा महेश पेरूची बाग सांभाळतो. सून सुनीता बाग, घर आणि माझा स्वभाव सांभाळते.

पत्नीला जाऊन वर्ष होत आले होते. वर्षश्राद्धाला आमच्याकडे पहिले पान गेलेल्या माणसाच्या नावाने वाढतात आणि घरची माणसे त्या पानाशेजारी जमिनीवर बसून जेवतात. महेश म्हणाला, "आबा, तुमाला खुर्ची टाकतो. म्होरं टेबल ठिवतो."

"मी खाली बसणार."

"आन् गुडघं?"

"बसतील."

कारण मी कोणाला सांगितले नाही. येथे सांगतो, एकदाच सांगतो. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरात मी स्वतः लाकडी टेबल केले होते. चारही पाय काटकोनात. खुर्च्या दोन. एकीवर मी बसे, दुसरीवर वर्तमानपत्र. माझे झाल्यावर ती त्याच टेबलाशेजारी जमिनीवर बसून जेवत असे. वर्षातून एखाद्या वेळी म्हणे, "एकदा तरी खाली बसा की माझ्यासंगं." मी उत्तर देई, "गुडघे."

तेव्हा माझे गुडघे उत्तम होते.

असो. हाताशी आठ आठवडे होते. सुनीता सकाळी मोबाईल भिंतीला टेकवून योगासने करते. मी तिला विचारले, "मांडी घालायला किती दिवस लागतात?"

ती हसली नाही, हे तिचे संस्कार. "आबा, तुमी रोज करा. दिवस मोजू नका."

मोजू नका! हे तिने कोणाला सांगावे?

मोबाईलमधली बाई तरुण होती आणि विनाकारण प्रसन्न होती. "शरीराशी मैत्री करा," ती म्हणाली. माझे माझ्या शरीराशी सत्तर वर्षांत बोलणेही झालेले नव्हते. ताडासनात मी उंच झालो. तेवढे जमले, कारण त्यात फक्त उभे राहायचे असते. पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचे होते. माझे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचले आणि तेथेच थांबले. वज्रासनात मी उशीवर बसलो, उशी एका दिशेला गेली आणि मी दुसऱ्या. पवनमुक्तासनाने मात्र नावाप्रमाणे काम केले. सुनीताला त्याच क्षणी गॅसवरचे दूध आठवले. (दूध अजून यायचे होते.)

"हसरा चेहरा ठेवा," बाई म्हणाली. मी मोबाईल पालथा घातला.

तिसऱ्या आठवड्याअखेर तपासणी केली. भिंतीला पाठ लावून मांडी घातली, काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या जमिनीवर उभा धरला आणि वाचन घेतले. प्रगती दोन्ही गुडघ्यांत अर्धा इंच. गणित सोपे होते. या वेगाने डावा गुडघा जमिनीला टेकण्यास आणखी दीड वर्ष लागणार होते. तिच्या वर्षश्राद्धाला ते उशिरा होते. माझ्या स्वतःच्या वर्षश्राद्धाला कदाचित वेळेवर!

"आबा, बळजबरी न्हाय करायची," सुनीता म्हणाली. "हळूहळू सुटतं सगळं."

हळूहळू सुटते, हे मला मान्य नव्हते. जो भाग जागेवर बसत नाही त्याला शिकंज्यात धरायचे आणि दाब वाढवत जायचे, ही कारखान्याची पद्धत. तिच्यावर मी सदतीस वर्षे पगार घेतला. तो माझा योगाचा एकमेव सिद्धान्त होता, आणि तो मी आठ दिवस शिल्लक असताना अमलात आणला.

महेश पेरू घेऊन इंदापूरच्या बाजारात गेला होता. सुनीता बागेत होती. शेडमध्ये पिकअपवर क्रेट आवळायचा एक जादा पट्टा टांगलेला होता. रुंद, चिवट, दातेरी चाकाचा. दांडा खालीवर केला की कट कट आवाज करत पट्टा घट्ट होत जातो. मी खोलीत आलो. आतून वरची कडी लावली, कारण हे प्रात्यक्षिक कोणी पाहावे अशी इच्छा नव्हती. श्राद्धासाठी काढून ठेवलेल्या पाटावर बसलो, जमेल तशी मांडी घातली, पट्टा एका गुडघ्यावरून घेऊन पाटाखालून दुसऱ्या गुडघ्यावर आणला. मोबाईल समोरच्या कोनाड्यात बोलत होता.

कट. डावा गुडघा बारा इंचांवर आला. कट, कट. दहा. सात आठवड्यांत जे बाईला जमले नव्हते ते महेशच्या पट्ट्याने तीन हिसक्यांत केले! मला समाधान वाटले. (समाधान ही अवस्था तपासनिसाने संशयास्पद मानावी.) मी आणखी चार वेळा दांडा ओढला. सहा इंच.

तेवढ्यात उजव्या मांडीत गोळा आला.

पट्टा सैल करावा म्हणून दांडा उलट ढकलला. ढिम्म. पुन्हा ढकलला. तो एक दाता पुढे गेला. म्हणजे आणखी घट्ट झाला!

"आता संपूर्ण शरीर सैल सोडा," कोनाड्यातली बाई म्हणाली.

मी आयुष्यात कोणाला हाक मारून बोलावले नाही. माणसे आपोआप येत असत. त्या दिवशी मात्र पाटासकट उडी मारत दाराकडे निघालो. एका उडीत सुमारे दोन इंच. दार नऊ फुटांवर होते. मध्येच बाईने गुडघ्यांच्या तेलाची जाहिरात लावली. दाराशी पोहोचलो तेव्हा लक्षात आले की कडी माझ्या डोक्याच्या चार फूट वर आहे.

"सुनीता!" मी ओरडलो.

ती धावत आली. "काय झालं, आबा? कडी काढा."

"कडी वर आहे."

"मग हुबं ऱ्हावा की!"

"ते शक्य नाही."

"का?"

"मी बांधलेला आहे."

 मग सुनीताने जी किंकाळी फोडली ती कालव्यापलीकडे गेली असावी. "चोर! चोर! आबांना बांधून घातलंय!"

पाच मिनिटांत अंगण भरले. कोणी काठी आणली, कोणी कोयता. एक जण दारापाशी कान लावून कुजबुजला, "आबा, नुस्तं हळू सांगा. आत किती जन हायती?"

"एक."

"हत्यार हाय का त्याच्याकडं?"

"गुण्या आहे."

"त्यो कोन हाय?"

"मी."

"मग तुमाला बांधलं कुनी?"

"मीच."

 मग मागून कोणाचा तरी आवाज आला, "म्हातारपनी असं हुतं. माझ्या चुलत्याचं बी झालतं."

"दार फोडा," दुसरा म्हणाला.

"दार सागवानी आहे," मी आतून बजावले. "हात लावू नका."

तेव्हा कोणी तरी युनूसला बोलावले. युनूसचे फाट्यावर ग्रिल-गेट बनवायचे दुकान आहे. पोरवयात तो कारखान्यात वेल्डिंग शिकायला होता. परीक्षेचा त्याचा जोड मी तीनदा बाद केला. चौथ्यांदा तो आलाच नाही. या खोलीच्या खिडकीची ग्रिलही त्याचीच. ती बसवली तेव्हा मी हातोडीने ठोकून पाहिली होती आणि चार माणसांसमोर म्हणालो होतो, "वेल्डिंग कच्चे आहे."

खिडकीत त्याचा चेहरा दिसला. मी पाटावर, पट्ट्यात, बेडकासारखा. त्याने बराच वेळ पाहिले.

"साहेब, ग्रिल कापावी लागंल."

"काप."

यंत्र सुरू झाले. ठिणग्या उडाल्या. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पहिले पाते झिजले. दुसरे लावले. माझी उजवी मांडी आता माझी राहिली नव्हती. वीस मिनिटांनी युनूसने चष्मा वर केला, कपाळ पुसले आणि शांतपणे म्हणाला, "कच्चं हाय वेल्डिंग, साहेब. म्हनून वेळ लागतोय."

अंगणात जे हसू फुटले त्यात सुनीताचाही आवाज होता. मी नोंद घेतली.

शेवटी तो आत उतरला. पट्ट्याकडे पाहिले, बोटाने एक खटका मागे ओढला, दांडा पूर्ण उघडून आडवा केला. पट्टा गळून पडला. सगळे मिळून दोन सेकंद.

"हे वढून हे उलगडायचं. पिकअपवरच्या कुनालाबी ठावं असतंय."

यंत्रांच्या तपासणीतला माझा अनुभव किती वर्षांचा, हे वर लिहिलेच आहे. पुन्हा लिहीत नाही.

त्या सायंकाळपर्यंत सगळ्या अंथुर्ण्याने खिडकीतून कोणी तरी मोबाईलवर केलेले चित्रीकरण पाहिले. सांगवीला सासरी असलेल्या मुलीचा फोन आला; ती बोलू शकत नव्हती, हसत होती की रडत होती ते कळले नाही. महेश बाजारातून आला आणि पट्टा गुंडाळत म्हणाला, "आबा, ह्यो माल बांधायचा पट्टा हाय. मानसं बांधायचा न्हाय." सुनीताने गुडघ्यांवर लेप लावला. दोन्ही फुगून कोबीच्या गड्ड्याएवढे झाले होते. आता मांडी राहिली दूरच. गुडघे दुमडायला नकार देत होते.

दुसऱ्या दिवशी युनूस ग्रिल दुरुस्त करायला आला. घरी कोणी नव्हते.

"साहेब, एवढं कशापायी केलं?"

"खाली बसायचे होते."

"कशाला?"

मी वर पाहिले. भिंतीवर तिचा फोटो होता. त्याने माझी नजर गेली तिकडे पाहिले. मग म्हणाला, "शिकायला हुतो तवा काकी मला क्वार्टरमधी जेवू घालायच्या. तुमी ड्यूटीवर असायचा. त्या बी खाली बसायच्या, मी बी. लई गप्पा मारायच्या."

हे मला माहीत नव्हते. माझ्या घरात तिच्याशेजारी खाली बसून जेवलेला माणूस होता, आणि तो मी बाद केलेला होता.

युनूसने माझ्या खिशातली मोजपट्टी न विचारता काढून घेतली, माझ्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे माप घेतले आणि निघून गेला.

श्राद्धाच्या सकाळी तो एक चौरंग घेऊन आला. चौकोनी पाइपचे पाय, वर फळी. उंची नऊ इंच. "पाटावर न्हाय, खुर्चीवर बी न्हाय," तो म्हणाला. "मधलं."

स्वयंपाकघरात पाने मांडली. क्वार्टरमधून आणलेले ते टेबल भिंतीला सरकवले होते. पहिले पान तिच्या नावाचे. शेजारी माझा चौरंग. महेश आणि युनूस यांनी मला दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवले. युनूस समोरच्या पानावर बसला. सुनीताने पहिल्या पानावर वांग्याचे भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि खीर वाढली. मग माझ्या.

त्या उंचीवरून घर निराळे दिसते. समोर टेबल होते, आणि मला त्याची खालची बाजू दिसत होती. ती मी कधी तपासलीच नव्हती. रंधा मारलेला नव्हता. कुसळे निघालेली, एका कोपऱ्यात खिळा वाकवून तसाच दाबलेला. वरून चकचकीत. सगळा संसार ती हेच बघत जेवली, आणि एका शब्दाने बोलली नाही.

मी पहिला घास घेतला. तेव्हा चौरंग हलू लागला.

आधी थोडा. मग जास्त. हातातली खीर पानात सांडली. सगळे आपापल्या पानात पाहू लागले. सुनीता जवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा..."

"चौरंग हलतो आहे," मी सांगितले. "मागचा डावा पाय आखूड आहे."

युनूसने मान वर केली नाही. "व्हय, साहेब," तो म्हणाला. "आखूडच हाय. माझ्याकडून ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौरंग तपासला. चारही पाय समान. केसाचाही फरक नाही. जमिनीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. पुन्हा मोजले. युनूसच्या कामात मला प्रथमच दोष सापडत नव्हता, आणि ज्या दिवशी दोष नव्हता त्याच दिवशी त्याने तो कबूल केला होता.

म्हणजे सदोष भाग कोणता, ते उघड होते. मी कपाटातून लाल खडू काढला. बाद मालाला फुली पाठीवर मारायची पद्धत आहे. पण माझा हात माझ्या पाठीपर्यंत पोहोचत नाही. सुनीता म्हणते, त्यालाही एक आसन आहे.